तिसऱ्या रकान्याचा अर्धा गुण

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवणारे आणि घटक चाचणीचे पेपर काढणारे सर्व सर आणि मॅडम,

स.न.वि.वि.

माझी नात आठवीत आहे. परवा तिचा विज्ञानाचा पेपर तपासून घरी आला. प्रश्न साधाच होता. पुढील मूलद्रव्यांचे धातू आणि अधातू असे वर्गीकरण करा: लोखंड, गंधक, पारा, कार्बन, सोडियम, आयोडीन, तांबे, सिलिकॉन. प्रत्येकी अर्धा गुण. पोरीनं पट्टी लावून दोन रकाने आखले, सात नावं भरली आणि मग उजवीकडं हातानंच एक वाकडी रेघ ओढून त्या जागेत एकटा सिलिकॉन बसवला. वर मथळा दिला, ‘मधला’. त्यावर लाल फुली होती आणि शेजारी शेरा: ‘प्रश्नात दोनच रकाने आहेत.’

शाळेचं नाव लिहीत नाही, कारण गाऱ्हाणं एका शाळेचं नाही. हाच प्रश्न माझ्या पोराच्या पेपरात होता, त्याच्याआधी माझ्याही होता, आणि आम्ही दोघांनी मुकाट्यानं दोनच रकाने भरले होते. नातीनं तिसरा काढला म्हणून मला पत्र लिहावंसं वाटलं. अर्ध्या गुणासाठी भांडणारा आजोबा म्हणून हसू नका. हसलात तरी पत्र शेवटपर्यंत वाचा, एवढंच.

मी शिरोलीत एका फौंड्रीत चौतीस वर्षं मेल्टिंगला होतो. आधी कुपोलावर, म्हणजे कोकच्या उभ्या भट्टीवर, नंतर विजेच्या इंडक्शन फर्नेस आल्या तेव्हा त्यांच्यावर. शिक्षण आयटीआयचं. पण तुम्ही ज्या आठ नावांचे दोन ढीग करायला सांगता, त्यातली निम्मी मी रोज एकाच भट्टीत एकत्र बघितली आहेत. आम्ही ओततो ते बीड, म्हणजे कास्ट आयर्न. लोक त्याला लोखंड म्हणतात, आम्हीही म्हणतो. पण त्यात कार्बन सव्वातीन ते साडेतीन टक्के, सिलिकॉन दोनाच्या आसपास, मँगनीज अर्धा-पाऊण टक्का, आणि गंधक-फॉस्फरस जितकं कमी तितकी रात्रीची झोप चांगली. स्पेक्ट्रो म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणारं यंत्र, त्याच्या रिपोर्टवर हे सगळे एका ओळीत शेजारी शेजारी बसतात. तिथं कुणी विचारत नाही की तू धातू का अधातू. विचारतात ते एवढंच की तू किती आहेस आणि आत जाऊन काय करतोस.

आणि हे आत जाऊन करणं फार मजेचं असतं. बीडाचा तुकडा फोडून बघा, आत राखाडी दिसतो. तो राखाडीपणा ग्राफाइटचा, म्हणजे कार्बनचा. टक्का वजनाचा असतो म्हणून तीन ऐकून कमी वाटतं, पण ग्राफाइट हलकं. त्यामुळं आकारमानानं बघाल तर तुकड्याचा दहावा हिस्सा तरी या अधातूनंच व्यापलेला असतो. लेथवर बीड टर्न करणाऱ्याचे हात संध्याकाळी काळे होतात, ते सगळं तेल नसतं. तोच रस लवकर थंड केला आणि सिलिकॉन कमी पडला, तर कार्बन मोकळा राहत नाही, लोखंडाशी गाठ मारून बसतो, आणि तुकडा फोडला की आत पांढरा दिसतो. हे पांढरं इतकं टणक की टूलचं तोंड जातं. म्हणून ओतण्याआधी आम्ही पाचरीच्या आकाराचा एक छोटा नमुना ओतायचो, पाण्यात विझवायचो, फोडायचो आणि टोकाला पांढरं किती आलंय ते बघायचो. जास्त वाटलं की लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, फेरोसिलिकॉनची (लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रणाची) मूठ. एका ‘मधल्या’नं सांगितल्यावर एक अधातू एका धातूचा हात सोडतो. एसजी आयर्न, म्हणजे न तुटता वाकणारं बीड, करताना मॅग्नेशियम लागतं. शेवटी धातूत ते जेमतेम ०.०३ ते ०.०५ टक्के उरतं, पण तेवढ्यानं ग्राफाइटच्या पापड्यांचे गोळे होतात आणि ठिसूळ बीड वाकायला तयार होतं.

तर या घरात वाढलेल्या पोरीनं सिलिकॉनला वेगळी जागा दिली, यात नवल नाही. ती म्हणाली, “आजोबा, पुस्तकात धातुसदृश आहे की. मला पेपरात शब्द आठवला नाही म्हणून मधला लिहिलं.” म्हणजे पुस्तकाला तिसरा रकाना माहीत आहे, पोरीला माहीत आहे, विसरला तो फक्त पेपर.

पण मला त्याच्याही पुढचं म्हणायचंय. तिसरा रकाना छापला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. धातुसदृश कोण कोण, हे तरी कुठं ठरलंय? बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम ही सहा नावं बहुतेक याद्यांत सापडतील. पोलोनियम कुणी घालतं, कुणी धातूत ठेवतं. अॅस्टाटिनचंही तेच, कधी सेलेनियमचंही. आवर्तसारणीवर ती पायऱ्यांची जाड रेघ काढतात, ती निसर्गानं आखलेली नाही. माणसानं आखली, सोयीसाठी. आमच्याकडं दोन भावांची वाटणी होते तेव्हा तलाठी बांध दाखवतो, पण माती दोन्हीकडं एकच असते. बांध लागतो, नाही असं नाही. पण बांध म्हणजे जमीन नव्हे.

आता तुम्ही धातू ओळखायच्या ज्या खुणा शिकवता त्या घ्या. चकाकी, वर्धनीयता (ठोकून पत्रा होणं), तन्यता (ओढून तार होणं), नाद, उष्णता आणि विजेची वाहकता. एकेक खूण खरीच आहे, पण एकटी उभी राहिली की लंगडते. आयोडीनचे स्फटिक चकाकतात. अँटिमनी आणि बिस्मथला हातोडी मारली तर पत्रा होत नाही, भुगा होतो. सोडियम सुरीनं कापतात. उष्णता वाहून नेण्यात तर हिरा तांब्याच्या कितीतरी पुढं आहे, चार-पाच पट, आणि हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, वीज म्हणाल तर अजिबात नेत नाही. त्याच कार्बनचं दुसरं रूप ग्राफाइट वीज नेतं. स्टील वितळवणाऱ्या आर्क फर्नेसचे खांबाएवढे इलेक्ट्रोड ग्राफाइटचेच असतात. (जाता जाता: शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. मराठीनं एका अधातूला धातूचं नाव दिलं आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या त्यानं ‘धातू व अधातू यांतील फरक’ लिहीत आलो.)

कल्हईवाला कथील लावतो, तेही असंच. आपण बघतो ते पांढरं कथील, सरळ धातू. पण १३ अंशांच्या खाली त्याचं दुसरं रूप जास्त स्थिर असतं, करड्या रंगाचं, आणि ते धातूसारखं वागत नाही. युरोपातल्या कडक थंडीत कथलाच्या वस्तूंवर फोड येऊन भुकटी झाल्याच्या हकिकती आहेत. म्हणजे ‘कथील धातू आहे का’ या प्रश्नाला ‘केव्हा?’ असा उलटा प्रश्न विचारता येतो.

आणि सिलिकॉन? मोबाइलमधल्या चिपेतला सिलिकॉन अर्धवाहक. धातू तापवला की त्याचा रोध वाढतो, शुद्ध सिलिकॉन तापवला की कमी होतो. बाकी सगळ्या खुणांपेक्षा मला ही एक खूण पक्की वाटते, कारण ती आतल्या कारणाला धरून आहे. धातूत बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूच्या मालकीचे राहत नाहीत, गावच्या गायरानासारखे सगळ्यांचे असतात. सिलिकॉनमध्ये ते बंधात अडकलेले, तापवलं की थोडे सुटतात. पण हाच सिलिकॉन १४१४ अंशांना वितळला की जाळी मोडते, गायरान मोकळं होतं आणि वितळलेला सिलिकॉन धातूसारखी वीज नेऊ लागतो. शिवाय वितळताना तो आकसतो, बर्फासारखा. चौतीस वर्षं मी १४०० अंशांच्या आसपासच उभा होतो, आणि ही गोष्ट मला कळली ती निवृत्त झाल्यावर, नातीला शिकवायला म्हणून वाचायला बसलो तेव्हा. मग सांगा, कुठल्या तापमानाचा सिलिकॉन विचारला होता पेपरात? नेव्हिल मॉट म्हणून पदार्थविज्ञानातले मोठे नोबेलविजेते होऊन गेले. त्यांचं मत असं होतं की धातू की अधातू याचं चोख उत्तर निरपेक्ष शून्य तापमानालाच, म्हणजे ज्याच्याखाली थंडी जाऊच शकत नाही तिथंच, देता येतं. तिथं धातू वीज वाहतो, अधातू वाहत नाही. बाकी सगळीकडं कमी-जास्तीचा मामला. आठवीच्या पोरांना एवढं सांगा असं मी म्हणत नाही. पण चोख उत्तर इतक्या लांब आणि इतक्या थंडीत राहतं, हे पेपर काढणाऱ्याला माहीत असावं.

ही भांडणं नवीनही नाहीत. पाऱ्याचंच बघा. आपल्या जुन्या रसशास्त्रात सोनं, चांदी, तांबं, लोखंड, शिसं, कथील ही ‘लोह’ वर्गात, आणि पारा वेगळा. तो ‘रस’. त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं, कारण ते बघत होते तो पदार्थ काय काय विरघळवतो, कसा उडून जातो. युरोपातही पारा खरा धातू का, ही शंका होतीच. १७५९ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत बर्फ आणि आम्ल मिसळून पारा गोठवला गेला, आणि गोठलेल्या पाऱ्यावर हातोडी मारली तर तो ठोकल्यासारखा पसरला. एका हातोडीनं शंका मिटवली. आमच्या धंद्यातली पद्धत, म्हणून मला ही गोष्ट फार आवडते.

पुढं १७८९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी ३३ मूलद्रव्यांची यादी केली. तिच्यात सतरा धातू होते, पण प्रकाश आणि उष्णता हीही मूलद्रव्यं म्हणून बसलेली होती. चुना आणि सिलिकाही. कुणी त्यांचे अर्धे-अर्धे गुण कापले नाहीत. १८०७ साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम वेगळं केलं, पाठोपाठ सोडियम. चकाकी होती, वीज वाहत होती, पण दोन्ही पाण्यावर तरंगणारी. तेव्हाच्या समजुतीत धातू म्हणजे जड. इतकं हलकं ते धातू कसं? काहींनी त्यांच्यासाठी ‘मेटलॉइड’ म्हणजे धातूसारखे हा शब्द काढला. तो अर्थ फार टिकला नाही. मग स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी तोच शब्द अधातूंसाठी वापरला आणि विसाव्या शतकात तोच मधल्यांसाठी रूढ झाला. म्हणजे आपण पुस्तकात ज्याला धातुसदृश म्हणतो, तो शब्द स्वतःच तीन रकाने फिरून आलाय. आणि भारतातून दिसलेल्या १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वर्षी सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली, तिच्या मालकाला धातू समजून धातूंच्या नावांचं ‘इयम’ हे शेपूट लावलं, हेलियम. सगळ्यात अलिप्त वायू, पण नाव आजही सोडियमच्या पंगतीतलं.

रसायनाच्या अंगानं बघायचं तर तुम्ही ऑक्साइडची कसोटी शिकवता. धातूंची ऑक्साइडं आम्लारिधर्मी, अधातूंची आम्लधर्मी. चांगली कसोटी आहे. पण आपल्याच जिल्ह्यात तिला अपवाद ट्रकमध्ये भरून जातो. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या जांभ्याच्या पठारांवर बॉक्साइट आहे. त्यात अॅल्युमिनियमचं ऑक्साइड आणि लोखंडाचं ऑक्साइड एकत्र. ते वेगळे करतात कसे? गरम कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवतात. लोखंडाचं ऑक्साइड, खऱ्या धातूसारखं, अल्कलीला दाद देत नाही, तांबडा गाळ होऊन खाली बसतं. अॅल्युमिनियमचं मात्र विरघळून जातं, म्हणजे अल्कलीशी आम्लासारखं वागतं. अॅल्युमिनियम थोडासा अधातूसारखा वागतो म्हणून तर तो स्वस्त झाला आणि आपल्या घरात भांडी आली. आता हे ‘उभयधर्मी, उदाहरण द्या’ असं एका ओळीत संपवायचं, का पठारावरच्या तांबड्या मातीपासून सुरू करायचं? चंदगडच्या पोरांना तरी दुसरं जास्त कळेल.

आणि सोनं. गुजरीत कुणाला विचारा, धातूंचा राजा. पण इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची ताकद, जिला विद्युतऋणता म्हणतात, ती पॉलिंगच्या मापावर कार्बनची २.५५ आणि सोन्याची २.५४. सीझियमसारखा उदार धातू भेटला की सोनं त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन होतं आणि मिठासारखं संयुग बनवतं, जणू क्लोरिनच. गुजरीतल्या सराफाला हे सांगितलं तर तो दुकानाबाहेर काढील, पण खरं आहे.

सराफांवरून आठवलं. हुपरीत चांदीचं पैंजण घ्यायला गेलात तर कारागीर ‘चांदी आहे’ असं म्हणून थांबत नाही, टंच, म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, सांगतो. किती टंच, यावर भाव. दगडावर कस लावतो, आम्ल टाकतो, रेघ बघतो. त्याला होय-नाही पुरत नाही. धातूपणालाही टंच असतो असं मला वाटतं. चांदी-तांब्याचा भरपूर, कथलाचा थोडा कमी, अँटिमनीचा आणखी कमी, सिलिकॉनचा मधे, गंधकाचा जवळपास शून्य. आणि दगड बदलला, म्हणजे विजेऐवजी ऑक्साइड बघितलं, तर क्रम थोडा हलतो. दगड कुठला वापरायचा हेही कामावर ठरतं. खगोलशास्त्रज्ञ तर हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळ्यालाच धातू म्हणतात. त्यांच्या हिशेबी आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजनही धातू. चूक नाहीत ते. ताऱ्यांच्या कामाला तेवढीच चाळण पुरते.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. वर्गात साठ पोरं, तपासायला गठ्ठे, आणि उत्तरसूची सगळ्यांना सारखी लागू व्हायला हवी. प्रत्येकानं आपापला रकाना काढला तर तपासायचं काय? शिवाय आधी ढोबळ वर्ग यावेत, मग अपवाद, हेही खरं. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, बनवणारा पोरगा पहिल्या दिवशी श्रिंकेजचा (थंड होताना धातू आकसण्याचा) हिशेब शिकत नाही, आधी रंधा धरायला शिकतो. म्हणून दोन रकाने शिकवू नका असं माझं मुळीच म्हणणं नाही. मागणं लहान आहे. प्रश्नात तीन शब्द वाढवा: ‘वर्गीकरण करा, कशावरून ते लिहा.’ लोखंड धातू, कारण तार ओढता येते. कार्बन अधातू, कारण ऑक्साइड आम्लधर्मी, पण ग्राफाइट वीज नेतं. सिलिकॉन इकडं लिहिला काय, तिकडं लिहिला काय किंवा मधे, कारण बरोबर असेल तर अर्धा गुण द्या. आणि कारण नसेल तर लोखंडाचाही कापा, माझी हरकत नाही. पाठांतरानं आलेलं ‘लोखंड: धातू’ आणि हात लावून आलेलं ‘सिलिकॉन: मधला’ यांत जास्त विज्ञान कुठल्यात आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरं, प्रयोग. एक सेल, एक छोटा बल्ब, दोन वायरी. पेन्सिलीचं टोक, कोळशाचा तुकडा, गंधकाचा खडा, खिळा, तांब्याची तार. कोळसा बहुतेक वेळा बल्ब लावणार नाही, ग्राफाइट लावील, दोन्ही कार्बन. तिथंच वर्ग भांडायला लागेल, आणि तो तास तुम्हाला शिकवावा लागणार नाही. फेरोसिलिकॉनचे खडे हवे असतील तर मागा. आमच्याकडं येतं त्यात पाऊण हिस्सा सिलिकॉनच असतो. हातात घेतला तर धातूसारखा चकाकतो, हातोडी मारली की काचेसारखा उडतो. फोडताना डोळ्यांना चष्मा हवा आणि खडे कोरडे ठेवायचे, एवढं पथ्य पाळा.

तिसरं, पोरांना एकदा फौंड्रीत आणा. जुन्या मालकांशी बोललोय, पंधरा-वीस जणांची तुकडी असेल तर ते नाही म्हणणार नाहीत. ओतकाम लांबून दाखवू, रेघेच्या आत कुणाला सोडणार नाही. पाचरीचा नमुना पोरांसमोर फोडू आणि आतलं राखाडी-पांढरं त्यांच्या हातात देऊ. येताना सगळ्यांच्या पायात बूट असू द्या. कोल्हापुरी कितीही भारी असली तरी भट्टीजवळ चप्पल चालत नाही, आणि हा नियम सरांनाही आहे.

आपला,
शिरोलीतला एक निवृत्त मेल्टर